बाकावरून उठायचं नाही

त्या दिवशी सकाळी मी गोदामात होतो. मागल्या हंगामाच्या गव्हाची एक थप्पी तपासायची होती. पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, फिरवून बाहेर काढायची, तळहातावर पडलेले दाणे बघायचे, वास घ्यायचा, हे माझं काम. मॅनेजर गुरमेलसिंगजी थप्प्यांच्या मधल्या बोळातून चालत आले. ते एरवी आत येत नसत, धुळीने त्यांना खोकला येई. म्हणाले, "जीप निकलवाई है. तुस्सी चलो. मिसेज़ के स्कूल में कुछ हुआ है." काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं. शाळेत फोन नव्हता. गावातल्या पोस्टातून कोणीतरी निरोप दिला होता आणि लाइन मध्येच तुटली होती. अठ्ठ्याऐंशी साल, मार्च महिना, पंजाब पेटलेला. त्या वर्षी 'कुछ हुआ है' म्हटल्यावर कोणी पुढे काही विचारत नसे. मीही विचारलं नाही. जीपमध्ये बसलो. माझ्या डोक्यात फक्त बस होती. बायको रोज ज्या बसने त्या खेड्यातल्या शाळेत जायची ती लोकल बस, तिच्या खिडक्या, मधल्या दांड्याला धरून उभी असलेली माणसं.

नाक्यावर आम्हाला थांबवलं. गुरमेलसिंगजींना खाली उतरवून, हात वर करायला लावून तपासलं. मला उतरवलं नाही. मी बिनपगडीचा. ते पुन्हा चढून बसले आणि खिशातून रुमाल काढून मान पुसली. मग जवानाचं लक्ष माझ्या मांडीवर गेलं. पोत्यातली ती नळी मी बरोबर घेऊन आलो होतो, मलाच कळलं नव्हतं. "ये क्या है?" मी म्हणालो, "गेहूं देखने का." त्याने ती हातात घेतली, आतून बघितली, नाकाला लावली. दोन दाणे त्याच्या बोटांवर पडले. त्याने नळी परत दिली आणि दांडा वर केला. शाळा मुल्लानपूरच्या रस्त्यावर, चंदीगड शहराच्या हद्दीत शेवटी जी खेडी आहेत त्यातल्या एकात होती. फाटकातून आत शिरताना मी आधी खिडक्या बघितल्या. सगळ्या काचा शाबूत होत्या. भिंत शाबूत होती. घोळक्याने उभ्या असलेल्या मुलींच्या अंगावर कुठे रक्त नव्हतं. मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला अजून आठवतं, व्हरांड्याच्या तीन पायऱ्या चढेपर्यंत ते टिकलं. मग मुख्याध्यापिकाबाई समोर आल्या आणि त्यांनी माझा हात धरला. पंजाबात अनोळखी बाई अशी हात धरत नाही. आत दोन बाकं जोडून सुनेत्राला निजवलं होतं. डोक्याखाली मुलींच्या पांढऱ्या ओढण्यांची घडी होती. उजव्या हाताच्या बोटांवर खडू होता.

पुढे कितीतरी दिवस लोक एकच विचारत होते. क्वार्टरच्या जिन्यात, दुधाच्या बूथवर, ऑफिसात. "कौन थे?" म्हणजे मारणारे कोण होते. मी म्हणायचो, कोणी नव्हतं, डोक्यातली शीर फुटली. मग त्यांचा चेहरा सैल व्हायचा. "अच्छा, नॅचरल." एक जण तर म्हणाला, "शुक्र है जी." मला त्याचा राग आला नाही असं नाही, पण त्याचं चुकलं तरी काय होतं? त्या वर्षी मरण दोनच प्रकारचं होतं आणि सुनेत्राचं त्यातल्या बऱ्या प्रकारात मोडत होतं. मोठ्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत झोप होती, तरी नीट सांगितलं होतं. "खाली पडण्याआधीच सगळं संपलेलं होतं. कोणी काही करू शकलं नसतं. तुम्ही शेजारी उभे असतात तरी नाही. मी असतो तरी नाही." हिंदीत म्हणाला होता, पण मला ते आता मराठीतच ऐकू येतं. तेव्हा या वाक्याचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. सांत्वनासाठी सगळेच काहीतरी म्हणतात, त्यातलंच हे एक, असं समजून मी ते ऐकून घेतलं.

घरात मला बसवत नसे. जेवताना उठायचो, पाणी आणायला म्हणून, आणि पाणी टेबलावरच असायचं. उल्का, माझी मुलगी, तेव्हा आठवीत होती. ती म्हणायची, "पापा, बैठ जाओ ना." मी बसायचो, पुन्हा उठायचो. संध्याकाळी चालायला निघायचो तर या शहरात चालूनही कुठे पोचल्यासारखं वाटत नाही. एक सेक्टर संपला की तसाच दुसरा. तीच घरं, तोच बाजार, तोच चौक, चौकात गोल हिरवळ आणि हिरवळीपलीकडे वाळूची पोती रचलेली. अंधार पडायच्या आत परतावं लागे. परतलं की दिवाणखान्याच्या भिंतीवर तो फळा. मीच केला होता. प्लायवूडचा तुकडा आणून त्याला काळा रंग दिला होता, दोन हात, मध्ये पॉलिश पेपर. सुनेत्राचं अक्षर चांगलं होतं, पण फळ्यावर लिहिताना तिची ओळ वर चढायची. कॉलेजातल्या बाई म्हणाल्या होत्या, तुमची ओळ डोंगर चढते. ती एकोणचाळीस वर्षांची होती आणि बी.एड.च्या वर्गातल्या बाकीच्या पोरी बावीस-तेवीसच्या. अकोल्याला तिने बी.एस्सी. केलं, मग लग्न, मग माझ्या बदल्या. रायपूर, कोटा, चंदीगड. इथे आल्यावर तिने फॉर्म भरला तेव्हा मी म्हणालो होतो, "या दिवसांत?" ती म्हणाली, "दिवस कधी बरे येणार ते सांगा, तोवर थांबते."

पाठाची तालीम घरी होई. मी आणि उल्का म्हणजे वर्ग. रात्रीची जेवणं झाली की सतरंजी अंथरायची आणि आम्ही मांडी घालून बसायचं. "अहो, टेकून बसू नका. तुम्ही विद्यार्थी आहात." मी सरळ बसायचो. दिवसभर थप्प्यांवर चढउतर केलेली असायची, डोळे मिटायला लागायचे. "पीछे वाले मोटे लड़के, खड़े हो जाओ." उल्का खिदळायची. "आई, मुलींची शाळा आहे तुझी. मोटी लड़की बोल." उल्का मराठीत सुरुवात करी आणि मध्येच हिंदीत शिरे. मी उभा राहायचो. सुनेत्रा विचारायची, पाण्याची वाफ कशी होते. मी सांगायचो. ती म्हणायची, "शाबाश. पण इतकं लवकर सांगू नका. मुलींना इतकं लवकर येत नाही. तुम्ही चुका." मग मी चुकायचो, आणि माझी चूक तिला पसंत पडायची नाही. "अशी चूक कोणी करतं का?" चुकायचं कसं हे मला कधी जमलं नाही. तिने शेवटी सांगून टाकलं, तुम्ही नुसता हात वर करा, बोलू नका.

पहिल्या दिवशी ती सरावाच्या शाळेतून आली ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि कांदे चिरायला बसली. गरजेपेक्षा जास्त कांदे चिरले. मग सांगितलं. अख्खा तास तिने मागच्या भिंतीकडे बघून शिकवलं. खडू दोनदा मोडला. सगळा पाठ बोलून झाला तेव्हा तास अर्धाही झाला नव्हता, आणि पुढे काय करायचं ते कोणी शिकवलं नव्हतं. आठवीच्या चाळीसेक मुली तिच्याकडे बघत होत्या. कोणी तिच्या साडीकडे, कोणी काळ्या मण्यांकडे. पुढच्या बाकावरची एक उंच मुलगी, वर्गाची मॉनिटर, उभी राहिली. अमरजोत तिचं नाव. ती म्हणाली, "मैडम जी, आप हमसे डरते हो?" वर्ग हसला. सुनेत्रा म्हणाली, "हां, डरती हूं. तुम नहीं डरतीं?" अमरजोत म्हणाली, "दिन में नहीं जी." मग मागून एक जण म्हणाली, आमच्याकडे रात्री दार वाजलं तर आजी दिवा लावू देत नाही. दुसरी म्हणाली, आमचा कुत्रा घरच्यांनीच बांधून ठेवलाय, तो भुंकला की बाहेरचे चिडतात. बाहेरचे म्हणजे कोण, ते कोणी विचारलं नाही. कोणीही असू शकत होतं. घंटा होईपर्यंत मुली सांगत राहिल्या, आणि घंटा झाल्यावर अमरजोतने सगळ्यांना गप्प करून एका सुरात 'थँक्यू मैडम जी' म्हणायला लावलं. सुनेत्रा हे सांगताना अमरजोतचा आवाज काढायची, जाडसर, पंचायतीतल्या म्हाताऱ्यासारखा. नंतर रोज काढायची. "आज आमची सरपंच काय म्हणाली ठाऊक आहे?" सरपंच म्हणजे अमरजोत. त्यानंतर तिच्या खडूचे तुकडे झाले नाहीत. ओळ मात्र चढतच राहिली.

निशिगंधा तिच्याच कॉलेजातली. साताऱ्याकडची, नवरा मेजर, चंडीमंदिरच्या छावणीत क्वार्टर. वय तिशीचं, पण बी.एड.मधल्या सगळ्या युक्त्या तिला ठाऊक. त्या दोघींना एकच शाळा मिळाली होती. एका रविवारी ती आमच्याकडे पोहे खाताना म्हणाली, "सुनेत्राताई, फायनल लेसनला परीक्षक मागे बसतात ना, त्यांना फक्त दोन गोष्टी दिसतात. फळा आणि हात. तुम्ही काय करायचं, मुलींना आधीच सांगून ठेवायचं. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचे. येतं तिने उजवा, येत नाही तिने डावा. उजवा दिसेल तिलाच तुम्ही उठवायचं. मागून बघणाऱ्याला वाटतं, काय वर्ग आहे!" मी हसलो. सुनेत्रा हसली नाही. "हे फसवणं नाही का?" "अहो ताई, सगळं कॉलेज करतं. गेल्या वर्षी तर एकीने खोकल्याचीसुद्धा खूण ठरवली होती. आणि दुसरं. मी सांगेपर्यंत बाकावरून उठायचं नाही, हे पक्कं सांगा. पाणी पिऊ, बाहेर जाऊ, खडू आणू, काही नाही. एक जरी उठली की मार्क गेले." मी म्हणालो, "म्हणजे फौजेचीच शिस्त." निशिगंधा म्हणाली, "भाऊजी, फौजेत माणसं इतकी ऐकत असती तर आमच्या साहेबांचं बीपी वाढलं नसतं."

फायनलचा पाठ होता बिया कशा पसरतात. सुनेत्राने रस्त्याकडेच्या रुईच्या बोंडांतला कापूस गोळा केला होता, माझ्या गोदामातल्या पोत्यांना चिकटून येणारी काटेरी गोखरं आणली होती, आणि वावळीच्या त्या गोल, कागदासारख्या चकत्या, ज्या मार्चअखेरीला या शहरात सगळीकडे उडतात. वावळीची बी कशी पडते ते दाखवायला ती आमच्या दिवाणखान्यात दोन्ही हात पसरून गिरकी घ्यायची आणि पदर सांभाळत हळूच जमिनीवर बसायची. मग मान खाली घालून गप्प. "आता मी मातीत आहे. आता काय लागेल मला?" उल्का म्हणायची, "आयोडेक्स." सुनेत्रा बसल्या जागेवरून तिला खडू फेकून मारायची. हे तिने परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गातही करून दाखवलं होतं. मुलींना इतकं आवडलं की पुन्हा करायला लावलं. ती सांगत होती, अमरजोत म्हणाली, मैडम जी, उद्या परीक्षा घ्यायला येतील त्या बाईंसमोर पण कराल? आणि सुनेत्रा म्हणाली, बघू, तुम्ही शांत बसलात तर.

तेराव्यानंतर निशिगंधा आली. सोफ्याच्या कडेवर बसली, चहा घेतला नाही. त्या तासाला ती वर्गात खिडकीशी उभी होती, तिचा पाठ पुढचा होता. तिने सांगितलं ते मी तेव्हा तुकड्यातुकड्यांनी ऐकलं, मध्ये मी दोनदा उठलो, गॅलरीत जाऊन आलो. पाठ छान चालला होता. ओळसुद्धा सरळ होती. परीक्षक ग्रोव्हर मॅडम मागच्या बाकावर मान खाली घालून काहीतरी लिहीत होत्या. सुनेत्राने वावळीची चकती हातात धरली, म्हणाली, "अब देखो," आणि हात सोडला. चकती खाली गेली आणि तिच्यामागून ती. गिरकी घेतली नाही, एवढंच. बाकी आदल्या दिवशीसारखंच खाली बसली, मग कुशीवर झाली. वर्ग शांत होता. मुली बघत होत्या. निशिगंधालाही वाटलं, पाठाचाच भाग आहे, ताईंनी किती छान केलं. "किती वेळ?" मी विचारलं. ती म्हणाली, "माहीत नाही हो. थोडा वेळ. फार नाही. किंवा असेलही." मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. तेव्हा अमरजोतने मागे वळून दबक्या आवाजात सांगितलं, "बैठ जा. मैडम जी ने कहा है ना, उठना नहीं है." ती मुलगी बसली. मग पुन्हा सगळे शांत. मग ग्रोव्हर मॅडमनी मान वर केली. निशिगंधा रडायला लागली. "भाऊजी, ते बाकावरून उठायचं नाही, ते मीच शिकवलं होतं ना." मी तिला डॉक्टरांचं वाक्य सांगितलं. तेव्हा पहिल्यांदा ते वाक्य माझ्या उपयोगी पडलं. तिने ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. पडण्याआधीच? हो, पडण्याआधीच. मग तिने तोंड धुतलं आणि जाताना दारात म्हणाली, "त्या मॉनिटर मुलीने त्या दिवसापासून शाळेत पाऊल टाकलं नाहीये. सगळ्या पोरी तिला म्हणतात, तूने बिठाया."

त्या रात्री मी उल्काच्या खोलीत डोकावलो. ती झोपली होती. तेराचौदा वर्षांची मुलगी झोपेत केवढी लहान दिसते. मला वाटलं, तिकडे त्या खेड्यात एक अशीच मुलगी आहे, आणि तिची अशी समजूत आहे की बाईंना तिने मारलं. आणि ते खोटं आहे हे मला पक्कं माहीत आहे. माझ्याजवळ एकच वाक्य आहे आणि ते तिला पोचवायला हवं. दुसऱ्या दिवशी निघालो तर बंद होता. कुठेतरी बसमधून उतरवून माणसं मारली होती, मी ती बातमी पुरती ऐकलीही नाही. नाक्यावरून स्कूटर परत फिरवली. पुढच्या आठवड्यात गेलो. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "आप ही बता दीजिए सब को. हमारी कोई नहीं सुनती." आणि मला वर्गात नेऊन सोडलं.

मी वर्गात शिरलो तशा सगळ्या उठल्या. "नमस्ते सर जी." मी नमस्ते म्हणालो आणि गप्प उभा राहिलो. त्याही उभ्याच राहिल्या. माझ्या लक्षात येईना की त्या कशासाठी उभ्या आहेत. दारातून बाई म्हणाल्या, "सर, बैठने को बोलिए." मी म्हणालो, "बैठो, बैठो." बाकं वाजली. मी मागच्या भिंतीकडे बघत होतो. तिथे एक मळका नकाशा होता. मी म्हणालो, मी सुनेत्रा मॅडमचा मिस्टर. एक मुलगी हसली आणि तिने लगेच तोंडावर हात धरला. माझे तळवे ओले झाले होते. इतक्या वर्षांत मी मजुरांशी भांडलो होतो, ट्रकवाल्यांशी, ठेकेदारांशी, पण असं कधी झालं नव्हतं. सुनेत्राने कांदे का चिरले ते मला तिथे कळलं. मी डॉक्टरांचं वाक्य सांगितलं. माझ्या हिंदीत ते फार लहान झालं. "गिरने से पहले ही खतम हो गया था. किसी की गलती नहीं थी. समझ में आया?" आणि सगळ्या वर्गाने हात वर केले.

मी बघत राहिलो. बरेचसे हात डावे होते. काही उजवे. एकीने दोन्ही केले होते आणि आजूबाजूला बघत होती. त्या मला फसवत नव्हत्या. त्यांना हात वर करायची तीच एक रीत माहीत होती. मी पुन्हा सांगितलं, सावकाश. मडक्याला आतून चीर जावी तशी शीर फुटते, बाहेरून कोणाला दिसत नाही. तुम्ही धावला असतात तरी नाही, पाणी दिलं असतंत तरी नाही, मी नाही, डॉक्टर नाही. पुन्हा विचारलं. काही हात बदलले. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज ठीक निघाला, आणि मी भिंतीकडे न बघता त्यांच्याकडे बघत होतो. घंटा झाली तेव्हा जवळजवळ सगळे हात उजवे होते. मागच्या रांगेतली एक मात्र डावाच धरून बसली होती. मी तिच्याजवळ गेलो. ती म्हणाली, "सर जी, खड़ी मैं हुई थी. मुझे समझ में आ गया. पर अमरजोत को कौन बताएगा? वो तो आती ही नहीं." तिने हात खाली घेतला नव्हता.

मी तिथूनच अमरजोतच्या घरी गेलो. गुरुद्वाऱ्यामागची गल्ली, निळं फाटक, असं बाईंनी सांगितलं होतं. फाटकाला कुलूप होतं. आत गोठ्यात म्हशी नव्हत्या, नुसते खुंटे. शेजारची बाई भिंतीवर गोवऱ्या थापत होती. मी विचारलं. ती म्हणाली, "असीं नहीं जाणदे जी." मी सांगितलं, मी शाळेतल्या मॅडमचा नवरा, त्या मुलीला एक गोष्ट सांगायची आहे. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सारे ही कुछ ना कुछ होते हैं." पुढच्या दारातल्या म्हाताऱ्याने विचारलं, "कुड़ी से आपको क्या काम?" ते मी सांगायला लागलो, आणि सांगताना माझं मलाच जाणवलं की हे कोणाला खरं वाटणार नाही. मी पुन्हा गेलो. एकदा नाही, बऱ्याचदा. तिच्या चुलत्याला पोलिसांनी उचलून नेलं होतं, चार दिवसांनी सोडलं, आणि त्यानंतर कोणाला न सांगता सगळं कुटुंब निघून गेलं होतं, एवढं हळूहळू कळलं. कोणी म्हणे उत्तर प्रदेशात तराईला जमीन आहे त्यांची. कोणी म्हणे दिल्लीला. एकदा परतताना बघितलं, तर दुकानातला पोरगा माझ्या स्कूटरचा नंबर पाटीवर लिहून घेत होता. मग मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "भाई साहब, बुरा मत मानना. गांव वाले आपको सीआयडी समझते हैं. और सच में सीआयडी वाले भी यहां मुझसे पूछ चुके कि आप उनको क्यों ढूंढते हो. आप पूछते रहोगे तो उनको भी कोई ढूंढ लेगा." चहा गोड होता. मी तो संपवला, उठलो आणि त्यानंतर त्या गल्लीत गेलो नाही.

आता दोन वर्षं होत आली. मला बदलीचा हुकूम आला आहे, नागपूर. मी अर्ज केला की आणखी एक वर्ष इथेच राहू द्या. गुरमेलसिंगजींनी अर्ज दोनदा वाचला. "ओ यार, सारे यहां से भागने की एप्लिकेशन देते हैं. आपका दिमाग ठीक है?" मी म्हणालो, ठीक आहे. त्यांनी शिफारस लिहून दिली. कारण विचारलं नाही, फक्त म्हणाले, "घर जाओ जी. भाभीजी होतीं तो आपको घर ले जातीं." उल्काला मी सगळं सांगितलं आहे. ती नखं खात ऐकत होती. मग म्हणाली, "पापा, वो भी अब टेन्थ में होगी. कहीं तो पढ़ती होगी." म्हणून मी शाळा सुटायच्या वेळी स्कूटर बाजूला लावून उभा राहतो, कधी मनीमाजऱ्यात, कधी बसअड्ड्यापाशी. पांढऱ्या ओढण्यांचा लोंढा बाहेर येतो. उंच मुली पुष्कळ असतात. मी त्यांचे आवाज ऐकतो. पण सुनेत्रा काढायची त्या आवाजाची मुलगी खरंच तशी बोलत होती की नाही, हेही मला ठाऊक नाही. अमरजोतला मी कधी पाहिलेलंच नाही. समोरून गेली तरी मला कळणार नाही. आणि कळलं, आणि मी हाक मारली, तर ती पळून जाईल, आणि तिने पळावं हेच बरोबर आहे. एखादा शिपाई माझ्याकडे बघायला लागतो तेव्हा मी स्कूटरला किक मारतो. घरी येतो, बसतो, उठतो.

निशिगंधाला मी सांगितलं. वर्गाला सांगितलं. त्या उठलेल्या मुलीलाही सांगितलं. अमरजोतला अजून कोणी सांगितलेलं नाही.